शब्दाखालचा पत्ता

लेख कसा लिहावा, मुद्रितं कशी तपासावीत, पुस्तकाची ओळख कशी करून द्यावी, हे मला शिकवणारी माणसं पुष्कळ होती. लिंक कशी द्यावी हे शिकवणारी एकच. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. आमच्या वाचनालयाच्या त्या जुन्या सभासद. जन्मापासून दृष्टी नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर संगणक शिकायला बसल्या. हा लेख छापून आला की त्या ऐकतील आणि चुका काढतील, याची मला खात्री आहे.

वाचनालयाचं ई-पत्र सुरू झालं तेव्हा लिंक देण्याची जी रीत सगळीकडे होती तीच आम्ही उचलली. लेखाविषयी चार ओळी लिहायच्या आणि शेवटी ‘येथे क्लिक करा’. नाहीतर अख्खा पत्ताच चिकटवायचा. एका दुपारी ताई लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, “बस माझ्या शेजारी. आपलं पत्र मला कसं ऐकू येतं ते ऐक.”

त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. आपल्याला काय लागतं हे ठाऊक असलेल्या माणसांनी केलेलं काम आहे ते, आणि वापरताना ते जाणवतं. त्यात इन्सर्ट आणि एफ-सात ही बटणं एकत्र दाबली की पानावरच्या सगळ्या लिंकची यादी समोर येते. आपण पानावरून भरभर नजर फिरवतो, तसं ताई ही यादी ऐकतात. त्यांनी बटणं दाबली. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा.

“आता सांग,” त्या म्हणाल्या, “दुर्गाबाई भागवतांवरचा लेख यातला कुठला?”

मग त्यांनी उघडा चिकटवलेला एक पत्ता ऐकवला. पत्ता मराठी लेखाचा होता, त्यामुळे हाल आणखी मोठे. ब्राउझरमधून देवनागरी पत्ता उचलला की बहुतेक वेळा त्यातलं प्रत्येक चिन्ह टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांच्यात बदलून येतं. एका चिन्हाची नऊ होतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि पाय मोडल्याच्या खुणा धरून दहा चिन्हं आहेत. त्यांची झाली नव्वद. यंत्राचा आवाज शांतपणे म्हणत राहिला, पर्सेंट ई झीरो पर्सेंट ए फोर पर्सेंट ए ई, पर्सेंट ई झीरो... आपल्या राज्याचं नाव त्या गोंगाटात कुठेच नव्हतं.

ताईंनी तक्रार केली नाही, थेट शिकवायला घेतलं. माउस त्या वापरत नाहीत. शिफ्ट आणि बाणाच्या बटणांनी त्यांनी ‘दुर्गाबाईंच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाविषयी’ एवढे शब्द निवडले, कंट्रोल आणि के दाबलं, उघडलेल्या खिडकीत पत्ता टाकला, एंटर. झालं. वर्ड, जीमेल, गूगल डॉक्स, तिन्हीकडे हीच बटणं चालतात. शब्द तेच राहिले, पत्ता त्यांच्याखाली गेला, आणि यादीत ती लिंक आता स्वतःचं नाव घेऊन बोलू लागली. दृष्टी असलेल्या माझ्यासारखीला हे काम बटणांनी करायला एका अंध बाईंनी शिकवलं, हे मी अभिमानाने सांगते.

वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीत हाच नियम अगदी पहिल्या पातळीवर आहे, हे मला मागाहून कळलं. लिंक कुठे नेते ते तिच्या शब्दांवरून, निदान लगतच्या मजकुरावरून समजलं पाहिजे. ताईंनी ती तत्त्वं वाचली नव्हती. त्यांना गरजच नव्हती.

त्यांचं हे भान आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांची आठवण सांगितली. वडील त्यांना मराठी विश्वकोश वाचून दाखवत. विश्वकोशाच्या नोंदींत काही शब्दांआधी छोटा बाण छापलेला असतो. त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, याची ती खूण. वडील वाचता वाचता म्हणत, “बाण आला, जायचं का?” आणि ताई हो म्हणाल्या की उठून दुसरा खंड काढत. कुठे जायचं ते आधी सांगायचं, मग न्यायचं. मला वाटतं, विश्वकोश घडवणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वाईतले त्यांचे सहकारी यांचंही ऋण इथे मान्य करायला हवं. पडद्यावरची लिंक आपल्याकडे येण्याआधी मराठी वाचकाला तिची सवय त्या बाणाने लावली होती.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुलं केलं, हे मी त्यावर ताईंना सांगितलं. लिंक द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, ही त्यातली मोठी देणगी. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ज्या पानाकडे आपण बोट दाखवतो त्याला त्याची खबर नसते. ते हललं की लिंक मेली. म्हणून ताई जुने अंक काढून लिंक उघडून पाहायला लावतात. पान नाहीसं झालं असेल तर मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधली जुनी प्रत शोधून तिची लिंक देते. कंटाळवाणं काम आहे, पण ई-पत्राची खरी देखभाल हीच.

आणखी एक त्यांनी पक्कं केलं. शब्द एक आणि खालचा पत्ता भलताच, हा खेळ फसवणारे लोक करतात. बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या ई-मेल अशाच असतात. तेव्हा शब्द लिहिणाऱ्याने ते खरेच लिहायचे. पीडीएफ उतरणार असेल तर तसं म्हणायचं. लेख इंग्रजीत असेल तर तेही. व्हॉट्सॲपवर शब्दाखाली पत्ता ठेवता येत नाही, तिथे आधीच्या ओळीत सांगायचं.

तुम्ही सोसायटीची सूचना पाठवत असाल, शाळेचं परिपत्रक किंवा मंडळाचं निमंत्रण, तर पाठवण्याआधी बाकी मजकूर झाकून फक्त लिंकचे शब्द एकामागून एक मोठ्याने वाचा. कोणती कुठे नेते हे तेवढ्यावरून कळलं, तर पाठवा. नाही कळलं, तर शब्द बदला.