मिरजेचा तंबोरा

आईच्या पश्चात् सात वर्षें तिचा तंबोरा माजघराच्या कोपऱ्यांत गवसणी घालून उभा होता. सणासुदीस तो पुसावयाचा व पुन्हां झांकावयाचा, एवढीच आमची त्याची ओळख उरली होती. गेल्या वर्षीं मुलीनें गाणें शिकावयास घेतलें, तेव्हां गवसणी निघाली, पण तारा छेडतांच जो बद्द आवाज आला तो ऐकून तिचे मास्तर एवढेंच म्हणाले, "मिरजेस न्या."

संस्थानी शहर म्हटलें कीं आपण राजवाडा शोधूं लागतों. मिरजेस पटवर्धनांचा भुईकोट किल्ला आहे. संस्थान मात्र 1948 सालीं विलीन झालें. माझ्या मतें मिरजेचें खरें वैभव सतारमेकर गल्लींतल्या ओट्यांवर उन्हांत वाळत पडलेलें असतें. तेथील कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. शस्त्रांचा काळ सरला आणि गेल्याच्या मागच्या शतकांत फरीदसाहेबांनीं वाद्यें घडविण्यास हात घातला, असें परंपरा सांगते. ज्या घराण्यांनीं तलवारी पाजळल्या त्यांच्याच हातीं कानस राहिली, काम तेवढें बदललें! गवयांना आश्रय देणारा दरबार जवळच होता. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवांपाशीं शिकले ते येथेंच, आणि येथूनच 1896 मध्यें बाहेर पडून त्यांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीमखांसाहेब 1937 मध्यें दूर मद्रासकडे प्रवासांत वारले, तरी त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यांतच आहे.

वृद्ध कारागिरांनीं तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोट वाजविलें आणि म्हणाले, "भोपळा पंढरपूरकडचा. असा जाड आतां क्वचित् मिळतो." मग घोडीवर नजर टाकून त्यांनीं विचारलें, "ताई, हा नुसता ठेवायचा आहे, कीं वाजवायचा?"

मला प्रश्न कळला नाहीं. त्यांनीं घोडीवरच्या चार बारीक चरा दाखविल्या. आईच्या तारांनीं तीस-पस्तीस वर्षांत त्या पाडल्या होत्या. जवारी पुन्हां काढावयाची तर पृष्ठभाग घासून सारखा करावा लागणार. तार घोडीला जेमतेम स्पर्श करील तेव्हांच झंकार उठणार. चरा ठेवाव्या तर आवाज नाहीं, आवाज हवा तर चरा नाहींत.

"चाचा, थोडा वेळ द्या," म्हणून मी बाहेर येऊन बसलें. समोरच्या ओट्यावर एक मुलगा दांडीला पॉलिश करीत होता. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें; पण चाचांचे दोन्ही मुलगे दुसऱ्या धंद्यांत आहेत, हें त्यांनीं बोलतां बोलतां सांगितलेंच होतें. घरीं मुलीसाठीं घेतलेली विजेवरची तंबोऱ्याची पेटीही मला आठवली. ती कधींच बेसूर होत नाहीं, आणि तिला कुणाच्या हाताची खूण राहत नाहीं.

आंत जाऊन मी "वाजवायचा" म्हणालें.

कानस फिरूं लागली. पांढरी भुकटी त्यांच्या लुंगीवर पडत होती; मी तिकडे पाहिलें नाहीं. तासाभरानें त्यांनीं तारेखालीं दोरा सरकवला, आणि खोली भरून गेली. "कुठली पट्टी?" त्यांनीं विचारलें. माझ्या तोंडून आईची काळी चार निघाली.

"नाहीं ग आई, माझी काळी पांच," मुलगी म्हणाली. चाचा हंसले आणि त्यांनीं खुंट्या पिळावयास घेतल्या.