दोन घरची वही

सातवीच्या दप्तरात सर्वांत जास्त राबते ती वही. पुस्तक तासापुरते उघडते, कंपासपेटी आकृतीपुरती बाहेर येते. वहीला मात्र उसंत नसते. दिवसा फळ्यासमोर वर्गपाठ, संध्याकाळी घरी गृहपाठ, दुसऱ्या दिवशी परिपाठ आटोपला की बाईंच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात. शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणी रोज नांदणारी ती एकटीच. मुलाने घरी काय केले हे शिक्षकांना तिच्याकडून कळते आणि शाळेत काय चालले आहे हे घरच्यांना. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवताना अशा पुष्कळ वह्या माझ्या हातांखालून गेल्या. मुलांशी जशी ओळख होत गेली, तशीच या वह्यांशीही.

जूनमध्ये साऱ्या सारख्याच दिसतात. तपकिरी कव्हर, त्यावर लेबल, लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. पहिल्या पानावरचे अक्षर टपोरे, शीर्षकाखाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ. गौरी-गणपतीपर्यंत प्रत्येकीला आपापला चेहरा येतो. एकीच्या पानांवर तेलाचे डाग असतात, कारण तिची मालकीण चुलीपुढे बसून लिहिते. दुसरीत जास्वंदीचे फूल उभे चिरून चिकटवलेले असते. त्याचा जांभळट ठसा समोरच्या पानावर उमटलेला आणि शेजारी परागकोश, कुक्षी, अंडाशय अशी नावे. तिसरी गळक्या पत्र्याखाली भिजून फुगलेली. लेबल निघून गेले तरी कोणाची वही ते ओळखू येते.

विज्ञानाची वही स्वभावाने शिस्तीची. तिचे एक पान रेघांचे, एक कोरे. कोऱ्या पानावर आकृती, तीही टोक केलेल्या पेन्सिलने. नावे एका बाजूला, एकाखाली एक. नावांच्या रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. प्रयोग असला तर साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा क्रम ती मोडू देत नाही. या क्रमात टापटिपीपेक्षा मोठी गोष्ट आहे. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळे लिहायला लागले की डोळ्यांना दिसले ते कोणते आणि मनाने ठरवले ते कोणते, हे मुलाला कळू लागते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे निरीक्षण. घासल्यामुळे कंगव्यावर विद्युतप्रभार आला, हा निष्कर्ष. ज्याला हा फरक सातवीत अंगवळणी पडला, तो पुढे मोठेपणी कानावर आलेल्या बातमीतही पाहिलेले किती आणि ठरवून टाकलेले किती, हे विचारील.

इंग्रजीची वही याच दप्तरात, पण भित्री. चौरेघीतून एकरेघीवर आलेली, त्यामुळे आधाराच्या रेघा सुटलेल्या. तिच्यात खाडाखोड फार. आधी पेन्सिलने लिहायचे, शेजाऱ्याशी ताडून पाहायचे, मग पेनने गिरवायचे. खोडरबराने पान जागोजागी पातळ झालेले असते. मराठीत धडाधड बोलणारे मूल या वहीत दोन-दोन शब्दांवर थांबते. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तोवर ती पाचवीत सुरू होई. म्हणजे सातवीत येईपर्यंत मुलाची इंग्रजीशी सहा वर्षांची ओळख असते. तरीही स्वतःच्या मनातले वाक्य या वहीत उतरवायचे म्हटले की हात आखडतो, कारण चुकेल ही भीती त्यात फार मुरलेली असते.

या दोन्ही वह्यांतले एकेक पान सांगण्यासारखे आहे.

विज्ञानाच्या पानावर मटकी आहे. बी रुजायला काय काय लागते, हे पाहण्यासाठी तीन वाट्या: एकीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या फडक्यात बांधलेली, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवलेली. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात बहुतेक वह्यांत एकच वाक्य होते: पाण्यात बुडवलेल्या बियांना हवा न मिळाल्यामुळे अंकुर फुटत नाहीत. गाईडातले उत्तर, पूर्णविरामासकट. एका मुलीच्या वहीत मात्र लिहिले होते: ‘पाण्यातल्या मटकीला बारीक मोड आला, मग वाढला नाही. नंतर घाण वास आला. फडक्यातली अर्धी मटकी आईने उसळीला घेतली.’ मी खाली लाल शाईने विचारले, वास कोणत्या दिवशी आला? दुसऱ्या दिवशी उत्तर हजर: ‘तिसऱ्या दिवशी. वर फेस पण होता.’

त्या एका नोंदीवर पूर्ण तास चालला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोडा असतो. बी भिजून फुगते, श्वसन सुरू करते, तेवढ्यावर इवलासा मोड बाहेर येतो. मग ऑक्सिजन संपतो, बी गुदमरते आणि कुजते. वास आणि फेस त्या कुजण्याचे. गाईडाचे वाक्य चुकीचे नव्हते, पण त्यात कोणी वाकून वाटीत पाहिल्याची खूण नव्हती. या मुलीने पाहिले आणि पाहिले तेच लिहिले. उसळीची नोंदही माझ्या दृष्टीने बरोबरच होती: नमुना निम्मा का झाला, हे सांगणे प्रयोगाच्या प्रामाणिकपणात बसते.

इंग्रजीच्या पानावर शब्दपाठ आहे. दहा शब्द, प्रत्येकी पाच वेळा. ‘ब्युटिफुल’ हा शब्द एकाखाली एक पाच वेळा, इतका सुबक की सगळी अक्षरे उभ्या ओळीत तंतोतंत बसलेली. हा सुबकपणाच सांगून जातो की मुलाने आधी ‘बी’ पाचदा लिहिले, मग त्याच्या शेजारी ‘ई’ पाचदा, मग ‘ए’ पाचदा. पान भरले, शब्द एकदाही वाचला गेला नाही. वही हे लपवत नाही; बघणाऱ्याला लगेच दाखवते. तेव्हापासून मी पाच वेळा लिहून आणायला सांगणे सोडले. शब्द एकदाच लिहायचा, पण आपल्या वाक्यात. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहून आणले, ‘माय मदर गो टू फील्ड’. मराठीत आपण ‘मी जाते, आई जाते’ म्हणतो, पण बाबांची वेळ आली की ‘जातात’ होते. कोण जाते यावर क्रियापद बदलते हे मुलाला पाळण्यापासून माहीत असते. मग त्याला एवढेच सांगायचे की इंग्रजीत आई आणि बाबा दोघांनाही ‘गोज’ आणि ‘मी’ला ‘गो’. त्या एका चुकीच्या वाक्यातून त्याला जेवढे व्याकरण कळले, तेवढे उतरवून घेतलेल्या दहा बिनचूक वाक्यांतून कळले नव्हते.

सेमी इंग्रजीच्या वर्गात या दोन्ही वह्या एकमेकींत मिसळतात. तिथे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. रेघेवर ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या, फळ्यावरून जशीच्या तशी, आणि शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘प्रकाशसंश्लेषण’, त्याच्याही बाजूला ‘पान अन्न करते’. ही पेन्सिलीची ओळ मला शाईच्या ओळीहून मोलाची वाटते. पाठ झालेले शाईत असते, कळलेले पेन्सिलीत. काही ठिकाणी ‘वही स्वच्छ ठेवा’ म्हणून ती खोडायला लावतात. तसे करू नये. मुलाने दोन भाषांच्या मध्ये स्वतः बांधलेला तो साकव असतो.

सरकारदरबारीही वहीची दखल आहे. 2010 पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात स्वाध्याय आणि वर्गकार्य हे आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचे एक साधन धरले. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचा वाटा 40 टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचा 60 टक्के ठरला. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि सहावी ते आठवीला सर्व विषय मिळून रोज जास्तीत जास्त एक तास, असे सांगितले. 2023 मध्ये आपल्याकडे दप्तर हलके करण्यासाठी पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ नावाची कोरी पाने घातली. मुलांनी ती पाने आणि शिवाय वह्याही वापरल्या; 2025 मध्ये ती योजना मागे घेतली गेली. वहीची जागा पुस्तकाला घेता आली नाही, याचे मला नवल वाटत नाही. पुस्तक मंडळाचे, सर्वांचे. वही एकाची.

एखाद्या वहीने आयुष्य कसे पालटते, याचा दाखला विज्ञानाच्या इतिहासातच आहे. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. 1812 मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, ती आकृत्यांसह नीट लिहून काढली आणि स्वतःच बांधून डेव्ही यांना पाठवली. 1813 मध्ये त्याला तिथेच प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. पुढे त्याने स्वतःच्या प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक दिले. ते 16,000 च्या पुढे गेले. त्या पहिल्या वहीला डेव्ही यांच्यासारखा वाचणारा भेटला, हे या हकिकतीतले खरे मर्म.

आपल्या वह्यांना असा वाचणारा किती वेळा भेटतो? दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण वहीच्या बाबतीत फार खरी ठरते. शिक्षकांना वाटते घरी पाहत असतील, घरच्यांना वाटते शाळेत तपासत असतील. शाळेत तिच्यावर पानभर लांब बरोबरची खूण आणि सही पडते. घरी विचारतात, ‘झाला का गं अभ्यास?’ ती म्हणते, ‘झाला.’ वही पुन्हा दप्तरात. मुलाने काय लिहिले, ते दोन्हीकडे कोणीच वाचलेले नसते. मुलांना हे लवकर उमगते. वाचणारा नाही असे कळले की लिहिणाराही नाहीसा होतो आणि नुसता उतरवणारा उरतो. गाईडाचा दोष त्यानंतरचा.

काही वह्यांना तर एक घरही टिकत नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतरच्या तारखा कोऱ्या राहतात. एकदम मार्चमधली तारीख येते आणि मधला ‘उष्णता’चा पाठ नाही, ‘पेशीरचना’ नाही. अशा वहीत ‘अपूर्ण’ असा शेरा मारणे सोपे असते. मी तो मारत नाही. त्या जागी दोन पाने सोडून मुलाला तिकडचे लिहायला सांगते: पहाटे पाचट पेटवून शेक घेतला तर गाडीची लोखंडी साखळी तापली की लाकडी जू? वहनाचा पाठ त्याच्या अनुभवातूनच भरून निघतो, आणि गेले महिने वाया गेले असे त्याला वाटत नाही.

घरच्यांना वाचता येत नाही, ही अडचण मानतात तेवढी मोठी नाही. संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून ‘आज काय लिहिलंस, वाचून दाखव’ एवढे म्हणणारी आजीही वहीची उत्तम वाचक होते. तिने मध्येच ‘असं का गं?’ विचारले की मूल अडते, आणि अडले की आपल्याला कुठे कळलेले नाही ते त्याचे त्यालाच कळते. इंग्रजीचे वाक्य असेल तर त्याचा अर्थ मराठीत सांगावा लागतो, म्हणजे गृहपाठ दुप्पट होतो आणि वेळ पाचच मिनिटे लागतो.

आम्हा शिक्षकांची अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक. एका विषयाच्या 35 वह्या प्रत्येकी तीन मिनिटे वाचायच्या म्हटले तर पावणेदोन तास होतात. रोज ते शक्य नाही. म्हणून मी रोज नऊच वह्या घेते, पण शेवटपर्यंत वाचते; चार दिवसांत वर्ग पुरा होतो. खूण कमी, प्रश्न जास्त. प्रत्येक वहीत निदान एक वाक्य असे लिहायचे, ज्याला मुलाला उत्तर द्यावे लागेल. गृहपाठही तेवढाच द्यायचा जेवढा आपण वाचू शकू. आठ प्रश्न देऊन सह्या ठोकण्यापेक्षा एक प्रश्न देऊन आलेले उत्तर वाचणे हे मुलाशी जास्त सचोटीने वागणे आहे.

वही चांगली की वाईट, हे तिच्या अक्षरावरून किंवा कव्हरावरून ठरवू नका. ती उघडा आणि तीन गोष्टी शोधा: मुलाने स्वतः पाहिलेली एक नोंद, त्याने स्वतः जुळवलेले एक वाक्य आणि त्या दोहोंना कोणीतरी दिलेले उत्तर. पहिल्या दोन गोष्टी मूल आणील. तिसरी आपण आणायची आहे, आणि ती आणली नाही तर पहिल्या दोन मागण्याचा आपल्याला हक्क नाही.