आत्याची ओळ

माणूस सेवानिवृत्त झाला, कीं त्याला दोहोंपैकीं एक व्यसन जडतें: एक तर तो आपल्या प्रकृतीविषयीं बोलूं लागतो, नाहीं तर आपल्या पूर्वजांविषयीं. माझ्या वांट्याला दुसरें आलें. चौतीस वर्षें शाळेंत गणित शिकवून खडू खालीं ठेवला, आणि वडिलांनीं हौसेनें लिहिलेली वंशावळीची वही हातीं घेतली. सात पिढ्यांचीं नांवें तींत आहेत. परंतु शाई उडत चालली आहे, आणि पान उलटतांना कोपरा हातांत येतो. ही वही संगणकावर उतरवून ठेवावी, एवढाच माझा साधा संकल्प होता.

जुन्या संवयीप्रमाणें मीं प्रथम कोष्टक आंखलें. एका ओळींत एक पुरुष, व पुढील रकान्यांत त्याचे मुलगे. पणजोबांना सहा मुलगे. तेव्हां सहा रकाने पाडणें प्राप्तच होतें. पण ज्याला एकच मुलगा, त्याच्यापुढें पांच घरें रिकामीं राहूं लागलीं. तीं डोळ्यांना बरीं दिसेनात, म्हणून मीं त्यांत आडव्या रेघा घातल्या. नंतर यंत्राला एकंदर मोजणी करावयास सांगितलें, तों त्यानें रेघांनाहि माणसें समजून मोजलें, आणि आमच्या कुळाचा विस्तार एका रात्रींत तिप्पट झाला!

माझी नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटींत ती आली, तेव्हां हा प्रकार पाहून हंसत म्हणाली, “आजोबा, आपलें कुटुंब जर चौकोनी नाहीं, तर कोष्टक तरी चौकोनी कशाला?” आणि त्याच दिवशीं तिनें मला पायथॉनचे धडे देण्यास आरंभ केला.

गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली ही संगणकाची भाषा. आज्ञा लिहावी आणि तत्काळ तिचें फळ पाहावें, असा हिचा सुटसुटीत व्यवहार. हिच्यांत यादी चौकोनी कंसांत लिहितात, आणि एका यादीच्या पोटांत दुसरी यादी ठेवतां येते. “मुलांना कंसाच्या स्वाधीन करायचें, हें कांहीं शुभ लक्षण नव्हे,” असा शेरा आमच्या घरांतून आलाच. परंतु व्यवस्था मला आवडली. पिढ्यांच्या यादींत व्यक्तींच्या याद्या, आणि व्यक्तीच्या यादींत तिचीं अपत्यें, अशा तीन मिति झाल्या. सहा जणांची ओळ सहा नांवांची, एकाची एका नांवाची. रेघा ओढून कोणाची लांबी वाढवावी लागत नाहीं. फक्त मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळें थोरला मुलगा शून्य क्रमांकाचा ठरतो. हें मात्र मी स्वतः थोरला असल्यामुळें पचावयास थोडा वेळ लागला.

यंत्राला चौकोन इतका प्रिय कां, हेंहि तिनें समजावून दिलें. प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या असलेली चाळ असेल, तर चौथ्या मजल्यावरील सातवी खोली शोधण्यास कोणाला विचारावें लागत नाहीं. गुणाकार व बेरीज केली कीं झालें. यंत्राच्या स्मृतींत चौकोनी कोष्टक असेंच सलग मांडलेलें असतें. १९५७ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें गणितज्ञांसाठीं काढलेल्या फोर्ट्रान भाषेंतील कोष्टकें याच जातीचीं होतीं. पायथॉनमध्यें मोठ्या आंकडेमोडीसाठीं वापरतात तो नम्पाय नांवाचा आज्ञासंच आजहि तितकाच काटेकोर आहे. असमान ओळी दिल्या तर २०२० पासून तो ताकीद देऊं लागला. आणि २०२२ च्या डिसेंबरांत निघालेल्या त्याच्या १.२४ या आवृत्तीपासून, मुद्दाम निराळी सूचना दिल्याखेरीज, त्या तो साफ नाकारतो.

याद्यांची यादी म्हणजे मात्र कोंकणांतली वाडी. तेथें प्रत्येक घर निराळ्या आकाराचें व निराळ्या ठिकाणीं. म्हणून पोस्टमनला पत्त्यांची वही बाळगावी लागते. बाहेरच्या यादींत खरोखर घरें नसतातच, असतात ते घरांचे पत्ते. हें वाक्य मीं ऐकलें, मान डोलावली, आणि विसरून गेलों.

काम आजोबांच्या मुलांपर्यंत आलें, तेव्हां नातीनें विचारलें, “आजोबा, यांत मुली कोठें आहेत?”

वहींत मुली नव्हत्या. माझे वडील व तिघे काका लिहिलेले होते. त्यांची बहीण, माझी आत्या, नव्हती. अठराव्या वर्षीं विधवा होऊन ती माहेरीं परत आली. तिला मूलबाळ नव्हतें. १९५९ सालीं आमची आई गेली, तेव्हां आम्हां चौघां भावंडांना तिनेंच वाढविलें. स्वतः शाळेची पायरी कधीं न चढलेली. पण माझी पावकी चुकली, कीं चुलीपुढून न वळतां अचूक टोकावयाची. मीं गणिताचा शिक्षक झालों त्याचें मूळ त्या चुलीपाशीं आहे.

मीं ठरविलें, आत्याची ओळ घालावयाचीच. पांच भावंडांसाठीं पांच रिकाम्या ओळी हव्या होत्या. एकेक लिहिण्याचा आळस करून मीं [[ ]] * ५ अशी आज्ञा दिली. म्हणजे एक रिकामा कंस, त्याची पांच पट. पांच ओळी उमटल्या. मग वडिलांच्या ओळींत आम्हां चौघांचीं नांवें भरलीं व छापून पाहिलें, तों पांचहि ओळींत आम्ही चौघे! तिघां काकांच्या पदरीं आम्ही, आणि आत्याच्या पदरींहि आम्हीच.

मी त्या पडद्याकडे किती वेळ पाहत बसलों कोण जाणे. यंत्र चुकलें होतें खरें. पण त्या शेवटच्या ओळीपुरतें तें खोटें बोलत नव्हतें.

“तुम्हीं पांच घरें बांधलींच नाहीत, आजोबा,” नात म्हणाली. “एकच घर बांधून त्याचा पत्ता पांच जणांना दिला. मग एकाच्या घरीं पाहुणा आला, कीं तो पांचांच्या घरीं आल्यासारखा दिसणारच.” गुणाकार न करतां, प्रत्येक फेरीस नवा कंस निर्माण करणारी आज्ञा तिनें मजकडून लिहवून घेतली. आतां ज्याची त्याला स्वतंत्र ओळ मिळाली, आणि आत्याच्या ओळींत उरला एक रिकामा कंस.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं मीं प्रत्येकाच्या ज्येष्ठ अपत्याचें नांव काढावयास सांगितलें. म्हणजे प्रत्येक ओळींतील शून्य क्रमांक. काकांच्या ओळी झाल्या, वडिलांची झाली, आणि आत्याच्या ओळीशीं येऊन यंत्र अडलें: मागितलेला क्रमांक यादीच्या मर्यादेबाहेर आहे. घरांत सारे निजले होते. ती एक ओळ काढून टाकली असतां पुढलें सर्व सुरळीत चालणार होतें. माझें बोट कळीवर गेलेंहि होतें, पण तेथेंच तें थबकलें. वडिलांनीं तरी दुसरें काय केलें होतें? बहिणीवर त्यांची माया नव्हती असें नाहीं. तिच्या दुखण्यांत रात्र रात्र ते तिच्या उशाशीं बसलेले मीं पाहिले आहेत. परंतु वंशावळ ‘मुलगे किती?’ एवढा एकच प्रश्न विचारीत होती, आणि ज्या ओळीजवळ त्याचें उत्तर नाहीं ती ओळच गाळणें सोईचें होतें. दोष ओळीचा नव्हता, विचारणाऱ्याचा होता.

मीं ओळ ठेवली आणि प्रश्न बदलला. नांव मागण्यापूर्वीं प्रत्येक ओळीला तिची लांबी विचारावयाची. ती शून्य असेल तर नमस्कार करून पुढें जावयाचें. एकीच्या मापानें दुसरी मोजूं नये, एवढीच असमान ओळींशीं वागण्याची रीत आहे. रिकामी यादी आणि यादीचा अभाव या दोन भिन्न गोष्टी होत. रिकामा कंस सांगतो, कीं ही व्यक्ति येथें होती व तिला अपत्य नव्हतें. ओळच नसेल, तर कोणी कांहींच सांगत नाहीं.

सुटी संपवून नात जावयास निघाली, तेव्हां मीं तिला आणखी एक काम सांगितलें. जन्माची यादी जशी आहे तशीच राहूं दिली, कारण मोजणी तिच्यावरून होते. तिच्या शेजारीं ‘कोणीं वाढविलें’ अशी दुसरी यादी केली, आणि तींत आत्याच्या नांवापुढें वडिलांच्या त्याच ओळीचा पत्ता देवविला. नातीनें एकवार माझ्याकडे पाहिलें. “म्हणजे ती पहिली चूकच पुन्हा करायची?”

“होय,” मी म्हणालों, “पण आतां जाणून.”