पाटीवर नंबर कोणाचा?

तीन संस्था एकत्र आल्या की पहिला वाद कामावरून होत नाही, पाटीवरून होतो.

माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते तेव्हा आमचं तिथे सेवा केंद्र असतं. एक संस्था औषधं देते, दुसरी पाणी, तिसरी वारकऱ्यांचे पाय चेपून देते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. म्हणजे 'डिझाइन तर येतच असेल', म्हणून पाट्या माझ्याकडे आल्या.

मग व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं. आमचा लोगो जरा मोठा करा. अध्यक्षांचा फोटो राहिला. देणगीदारांचं नाव वर घ्या. अशाने फ्लेक्सवर चेहरेच चेहरे होतात आणि 'औषध' हा शब्द कोपऱ्यात जातो. याला हसणं सोपं आहे. पण लहान संस्था देणग्यांवर चालते, आणि फ्लेक्सचा फोटो हाच तिचा पुरावा असतो. तो दाखवल्याशिवाय पुढच्या वर्षीचे पैसे येत नाहीत.

तरीही पाटी वाचणारा कोण? दिवे घाट चढून आलेला, पायाला फोड आलेला, कदाचित अक्षरओळख नसलेला माणूस. संस्था कोणती याच्याशी त्याला काय करायचंय? वारीला हे आधीपासून कळलेलं आहे. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढचे आणि रथामागचे. चुकलेल्या आजींना तेवढा एक क्रमांक पाठ असला तरी पुरतो.

रेडक्रॉसच्या चळवळीतही हाच पेच होता. २००५ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या तिसऱ्या प्रोटोकॉलने 'रेड क्रिस्टल' हे नवं चिन्ह मान्य केलं: पांढऱ्यावर लाल चौकट, टोकावर उभी. नुसती ओळख सांगायची असेल तेव्हा राष्ट्रीय संस्था त्या चौकटीत आपलं मान्य चिन्ह ठेवू शकते. पण युद्धात जीव वाचवायला तेच चिन्ह लावलं, की चौकट रिकामी ठेवायची.

मी तोच नियम उचलला. वर मोठ्या अक्षरांत पाणी, औषध, पायसेवा. सोबत चित्र आणि बाण. तिन्ही तंबूंना एकच रंग. लोगो खाली, एकाच मापाचे, अकारविल्हे. देणगीदारांसाठी मांडवात वेगळा फ्लेक्स. कुरकुर झाली, पण सगळ्यांनी मान्य केलं.

शेवटची ओळ होती 'अडचण आल्यास फोन करा'. पुढची जागा मी रिकामी सोडली आणि ग्रुपवर विचारलं, नंबर कोणाचा?

रात्री बारा वाजता लोगो पाठवणारा ग्रुप दोन दिवस गप्प होता.

लोगो म्हणजे श्रेय, नंबर म्हणजे जबाबदारी. टँकर आला नाही तर? औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर? अखेर सगळे समोरासमोर बसले. रात्री कोण जागणार, रुग्णवाहिका कोण बोलावणार, हे तेव्हा पहिल्यांदा ठरलं. एक वेगळं सिमकार्ड घेतलं, पाळ्या लावल्या. नियम एकच: फोन कोणीही उचलो, 'ते आमच्याकडे नाही' म्हणायचं नाही. करारावर सह्या कधीच झाल्या होत्या. भागीदारी मात्र या बैठकीत सुरू झाली.

मुक्कामाच्या रात्री फोन वाजला. एका वारकऱ्याला त्याची दिंडी सापडत नव्हती. फोन उचलणारी मुलगी पायसेवेची होती. तिने क्रमांक विचारला, इकडेतिकडे चौकशी केली आणि दहा मिनिटांनी त्याला परत फोन करून मुक्कामाची जागा सांगितली.

ती कोणत्या संस्थेची, हे त्याने विचारलं नाही.