धक्क्यावरची उस्तवार

मु. लास पाल्मास, ग्रान कनारिया
बलिप्रतिपदा

तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील या स्पॅनिश बेटावर आमची नौका धक्क्याला लागली असून बिऱ्हाड अद्याप तिच्यातच आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या नौकांचा ताफा १९८६ पासून येथूनच निघतो. नोव्हेंबरअखेर वादळांचा हंगाम ओसरतो, ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावू लागतात, आणि सेंट लुसियापर्यंतच्या सुमारे २,७०० सागरी मैलांसाठी हाच मुहूर्त धरला जातो. तोवर करायची ती उस्तवार. आणि आपली हयात गोदीत गेल्यामुळे तिचा तपशील आपणास कंटाळवाणा होणार नाही, या भरवशावर तो सविस्तर लिहितो.

सहाराची तांबूस धूळ घेऊन येणारा ‘कालिमा’ वारा वाहून गेला, की दोरांच्या पेडांत आणि कप्प्यांच्या खोबणीत तिचा थर बसतो. ती धूळ आणि समुद्राचे मीठ, दोन्ही दोर झिजवतात, म्हणून सकाळ धुण्यात जाते. मात्र या शहराचे बहुतेक गोडे पाणी समुद्राचेच पाणी निःक्षार करून मिळवलेले असल्यामुळे नळी क्षणभरही उघडी सोडण्याचे माझ्या जिवावर येते.

परवा आमच्या तांडेलांनी मला फळीच्या झोपाळ्यात बसवून डोलकाठीवर चढवले. तिला दोन्ही अंगांनी तोलून धरणारी तार एकोणीस बारीक पोलादी तारांच्या पिळाची असते. त्यांतली एखादी तुटली असल्यास नजरेला कळेलच असे नाही, म्हणून वरपासून खालपर्यंत कापसाचा बोळा फिरवत यायचे. अगदी वर, तार जेथे धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते त्या सांध्याशी, कापूस अडकला. तो सोडवला तेव्हा केसाएवढे पोलादी टोक दिसले आणि त्याच्या बुडाशी गंजाचा तपकिरी ओघळ. भर समुद्रात ती तार तुटती, तर डोलकाठीच कोसळती. तिच्या जागी दोर ताणून, तारेचे वेटोळे खांद्याला अडकवून मी कारागिराकडे नेले. कागदावर लिहून आणलेली लांबी त्याला मंजूर नसते, नमुनाच समोर हवा. त्याने ती बाकावर ताणून एका खिळीच्या छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत मोजली, आणि समोरच्या अंगाची जोडीदार तारही तितकीच जुनी, तेव्हा तीही बदला, असे बजावले. रक्कम मोठी होती, पण आम्ही त्याचा शब्द शिरसावंद्य मानला.

ऑगस्ट १४९२ मध्ये याच बेटावर कोलंबसच्या ‘पिंता’चे निखळलेले सुकाणू दुरुस्त झाले आणि ‘निन्या’ची त्रिकोणी शिडे उतरवून, पाठच्या वाऱ्यात उपयोगी पडणारी चौकोनी शिडे चढवली गेली. पुस्तकांत आपण ६ सप्टेंबरला गोमेराहून पश्चिमेकडे निघालेला कोलंबस वाचतो. सुतार, लोहार आणि शिडे शिवणारे यांचे ते आठवडे मात्र एका ओळीत आटोपतात. हा मला अन्याय वाटतो. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करताना फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन येथे थांबले होते, त्या मुक्कामांचा तपशीलही आता मला सागरावरच्या दिवसांइतकाच वाचावासा वाटतो.

कार्तिकी एकादशी

ती. बाबा,

आज उपवास धरून बाजार केला. बंदराजवळच्या १८९१ सालच्या लोखंडी बांधणीच्या मंडईत भाजीवालीला आमच्यासारखी गिऱ्हाइके परिचयाची आहेत. शीतपेटीत न ठेवलेली अंडी तिने न विचारताच पुढे केली, कारण एकदा थंड झालेली अंडी बाहेर टिकत नाहीत. ती आम्ही दर दोन दिवसांनी उलटी करून ठेवू, म्हणजे बलक कवचाला चिकटणार नाही. पुठ्ठ्याचे एकही खोके नौकेत न्यायचे नाही, हा तांडेलांचा सक्त हुकूम. त्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात. सबब सगळे जिन्नस धक्क्यावरच मोकळे केले, हिरव्या केळ्यांचा लोंगर समुद्राच्या पाण्यात बुडवून किडामुंगी झटकली, आणि कोठल्या फळीखाली काय ठेवले याची फेहरिस्त वहीत उतरवली.

पारपत्रांवर रवानगीची नोंद व्हायची आहे, गॅसची एक टाकी भरून यायची आहे आणि वारा पडल्यावर नव्या तारांचा ताण पुन्हा तपासायचा आहे. तेवढे झाले की निघू. त्यानंतर सुमारे तीन आठवडे पत्र येणार नाही, हे ती. सौ. आईस आधीच सांगून ठेवावे. तिला शि. सा. नमस्कार.