निगेटिव्हमध्ये नाही ते

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरात त्यांचा एकच फोटो होता, कारखान्यातला ग्रुप फोटो. मागच्या रांगेत वाटाण्याएवढा चेहरा. आईने तो कराडच्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवण्यात तिथल्या काकांचा हात कुणी धरला नसता.

"डोळे तेवढे नीट करून द्या," आई म्हणाली.

काकांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "वहिनी, यात आहे ते सगळं काढून देतो. नाही ते काढलं, तर ते डोळे माझे होतील." पैसे त्यांनी घेतले नाहीत. आईला मात्र तेव्हा वाईट वाटलं, आणि मलाही.

पुढे शाळा सुटली की मी त्या दुकानातच असायचो. काळ्या फडक्याखाली डोकं घालून लाकडी कॅमेऱ्याच्या घासलेल्या काचेवर उलटी खुर्ची बघायची. फोकस खुर्चीवर लावला की मागचा पडदा विरघळायचा. काका म्हणायचे, "धूसर झालं म्हणजे बिघडलं असं समजू नकोस. किती धूसर झालं ते बघ, किती लांब आहे ते कळेल."

इंजिनिअरिंगला असताना पवईच्या आयआयटीतल्या सुभाषिस चौधुरींनी ए. एन. राजगोपालन यांच्यासोबत लिहिलेलं 'डेप्थ फ्रॉम डिफोकस' (१९९९) हे पुस्तक हाती आलं. फोकस बदलून एकाच दृश्याचे दोन फोटो घ्यायचे, दोन्हींत धूसरपणा किती बदलला ते मोजायचं, आणि त्यावरून अंतर काढायचं. काकांचं वाक्यच तिथे गणितात मांडलेलं होतं. प्रतिमांच्या गणिताच्या या विषयात मी शिरलो तो त्या काळ्या फडक्याखालून.

याच विषयातल्या त्साय आणि हुआंग या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की पिक्सेलच्या अंशाने सरकलेल्या, कमी रिझोल्यूशनच्या अनेक प्रतिमा जुळवल्या, तर खरा बारकावा हाती येतो. प्रत्येकीने थोडं वेगळं टिपलेलं असतं. वडिलांची प्रतिमा एकच. एकाच फोटोतून डोळे रेखीव करणारं न्यूरल नेटवर्क दुसऱ्याच हजारो चेहऱ्यांवर शिकलेलं असतं.

तरीही मोह झाला. एका सॉफ्टवेअरमधून काढलेला फोटो आईला दाखवला. "हेच ते," ती म्हणाली. आठवड्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला दाखवला. तेव्हाही म्हणाली, "हेच." दोन्हींतले डोळे वेगवेगळे होते. मी दोन्ही फाइली पुसून टाकल्या. काकांनी त्या दिवशी आम्हाला कशापासून वाचवलं होतं, ते समजायला मला तीस वर्षं लागली, आणि तोवर ते राहिले नव्हते.

आमच्या भिंतीवर आजही काकांनीच मोठा केलेला फोटो आहे, अस्पष्ट डोळ्यांचा. लोक माझ्याकडे जुने फोटो दुरुस्तीला घेऊन येतात. मूळ प्रत मी जपून परत करतो. नव्या प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहितो: यातलं मुळात किती होतं, आणि मी किती भरलं.