अम्मींची मेंदीची वाटी

गोंदियात घर बांधलं तेव्हा बेसिनभोवती पांढराशुभ्र संगमरवरच हवा, असा आम्हा दोघांचा हट्ट होता. "ग्रॅनाइट टाका, भाऊ," असं मिस्त्रीने एकदा नाही, दोनदा सांगितलं. ताजमहाल इतकी शतकं टिकला, मग आपलं बेसिन का टिकणार नाही, असा आमचा हिशेब.

पहिल्याच चांदरातीला अम्मींनी मेंदीची वाटी त्यावर ठेवली. सकाळी तिथे नारिंगी वर्तुळ उमटलेलं. कितीही घासलं तरी निघेना. पुढे वर्षभरात नळाच्या आजूबाजूला फिकट, निस्तेज ठिपके पडत गेले. तेही आम्ही अम्मींच्याच नावावर मांडले. "वाटी इथे नको." "सुरमेदानी तिकडे ठेवा." "तेलाचा हात लावू नका." अम्मी उलट काही बोलल्या नाहीत. वजूला मात्र अंगणातल्या नळावर जाऊ लागल्या.

आपल्याकडचा डिसेंबर किती गार असतो, हे वाचकांना सांगायला नको. एका पहाटे फजरच्या वेळी पाहिलं तर अम्मी अंगणात उभ्या. बोटं इतकी आखडलेली की नळ बंद होईना. "अम्मी, आत का नाही केलंत वजू?" विचारलं, तर म्हणाल्या, "तिथे डाग पडतात ना, बेटा." आम्ही मान खाली घातली. दगड जपता जपता आम्ही माणूस अंगणात काढलं होतं.

त्याच आठवड्यात फरशीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने संगमरवर, कडप्पा आणि ग्रॅनाइटच्या तुकड्यांवर लिंबू पिळलं. थोड्या वेळाने पुसलं, तर पहिल्या दोघांची चमक त्या जागी उडालेली. ग्रॅनाइट जसाच्या तसा. "बेसिन कशाने धुता?" त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संडास धुवायचं ॲसिड आम्ही तिथेही वापरत होतो! संगमरवर काय, कडप्पा काय, दोन्ही मुळात चुन्याचे दगड. ॲसिड त्यांना खातं. म्हणजे ते सगळे ठिपके आमच्याच हातचे होते. अम्मींचं होतं ते फक्त मेंदीचं एक वर्तुळ.

तेही हटलं. ताजमहालाचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप लावतं, हे ऐकलं होतं. आम्ही जाड लेप लावला, वर प्लास्टिक झाकलं, वाळू दिला. दोनदा केल्यावर वर्तुळ जेमतेम दिसेल इतकं फिकं झालं. ठिपके मात्र तसेच राहिले. कारण डाग दगडात शिरलेला असतो, तो ओढून काढता येतो. ठिपक्यांत दगडच झिजलेला असतो. त्याला पुन्हा पॉलिश करण्यावाचून इलाज नाही.

या वेळी घाई केली नाही. नमुन्याचे तुकडे घरी आणले आणि त्यांवर हळद, तेल, मेंदी रात्रभर ठेवली. फिकट ग्रॅनाइटने तेल पिऊन घेतलं. घट्ट, गडद ग्रॅनाइट फडक्याने स्वच्छ झाला. क्वार्ट्‌झचा कृत्रिम दगडही स्वच्छ निघाला, पण तो बहुतांश गारगोटीच्या चुऱ्याचा आणि राळेचा. कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही हा धोका असतो, फक्त कमी. म्हणून गडद ग्रॅनाइट घेतला आणि मिस्त्रीला पाणी सोडूनच कापायला लावला. तो कुरकुरला, पण त्याच्याही घरी लेकरं आहेत.

दगडाला बेसिनकडे किंचित उतार दिला, कडा गोल केल्या, भिंतीलगतच्या फटीत सिलिकॉन भरलं, वर सीलर लावला. आता अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून पाहतो. थेंबाखाली दगड गडद झाला की पुन्हा सीलर. दोष सांगायचा तर एकच: बोअरच्या पाण्याचे पांढरे थर काळ्या दगडावर लगेच दिसतात. रोज रात्री कोरडं फडकं फिरवलं की झालं. ॲसिडची बाटली त्या बाजूला फिरकत नाही.

उरलेल्या तुकड्याची शेजारी एक बुटकी बैठक केली आणि समोर खाली नळ काढला. अम्मी आता बसून, निवांत वजू करतात.

गेल्या चांदरातीला त्या मेंदीची वाटी हातात घेऊन दारातच थांबल्या. "ठेवू?" त्यांनी विचारलं. वाटी आम्हीच त्यांच्या हातातून घेतली आणि दगडावर ठेवली. ती सकाळपर्यंत तिथेच होती.